बंद गाडीचा काटा

१९८७ साली बाबांनी टर्बोची जुनी परदेशी गाडी घेतली, तेव्हा घरात ती चालवणारं कुणीच नव्हतं. झटका येऊन गेल्यापासून बाबांचं डावं अंग लुळं. मोठ्या मुलीला कचेरी आणि घर यांतून मान वर काढायला फुरसत नाही. राहिली धाकटी. तिला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मेकॅनिकने चालवायला शिकवलं, आणि गीअर नीट पडायच्या आधीच दोघांची मनं जुळली.

मोठी चौतिशीची. परदेशी यंत्रं आणणाऱ्या कंपनीत ती पत्रांची भाषांतरं करायची. बंदराच्या गावातल्या मुख्य कचेरीने तिला तीनदा बोलावलं होतं आणि तिन्ही वेळा तिने नकार कळवला होता. बाबांना धरून आंघोळीला न्यायचं, बटणं लावायची, घास भरवायचा. दोघींपैकी एकीला घरी राहणं भागच होतं. चौथं पत्र तिच्या टेबलाच्या खणात पडून होतं.

"तू खुशाल जा गं," ती धाकटीला म्हणायची. "मी आहे ना इथे. मी आता या घराची खुंटीच झालेय."

"ताई, असं बोललीस की माझा पाय निघत नाही."

"मग नको निघूस. बस इथेच, दोघी मिळून बाबांचे मोजे धुऊ."

आणि दोघी हसायच्या.

बाबा वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले होते. माणूस बोलतो, काटा सांगतो, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मेकॅनिक मागणी घालायला आला, तेव्हा त्यांनी त्याला बससुद्धा म्हटलं नाही.

"या गाडीचं सगळं तूच केलंस ना? महिनाभर ती तापता कामा नये. काटा जागेवर राहिला तर मुलगी तुझी."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चौघं घाट चढून आले. धाकटी चालवत होती, बाबा शेजारी, मेकॅनिक आणि मोठी मागे. भर दुपारच्या चढावरही काटा मधोमध. बाबांच्या मिशीत चक्क हसू आलं.

घरापाशी पोचल्यावर धाकटी म्हणाली, "दोन मिनिटं इंजिन चालू ठेवते हं, बाबा. यांनी सांगितलंय."

"पेट्रोल काय नळाला येतं? बंद कर."

तिने बंद केलं.

तराजू तपासताना बाबांची एक शेवटची परीक्षा असायची. वजनं उतरवली की काटा खाली यायला हवा. नाही आला तर दुकानदार चोर. त्याच सवयीने त्यांनी उजवा हात लांबवून किल्ली एक घर फिरवली. इंजिन मुकं होतं, पण काटे जागे झाले. तापमानाचा काटा मधली खूण सोडून हळूहळू वर चढत तांबड्या पट्टीला जाऊन टेकला.

"हे काय?"

"काका, इंजिन थांबलं की पाणी फिरवणारा पंपही थांबतो," मेकॅनिक म्हणाला. "इंजिनात हवा कोंबणारा टर्बो रसरसलेला असतो. त्याची धग त्या थांबलेल्या पाण्यात उतरते. दहा मिनिटांनी येईल काटा खाली."

"दहा मिनिटांनी चहासुद्धा गार होतो! बंद गाडी तापते म्हणे. वजन काढल्यावर चढणारे काटे मी पुष्कळ पाहिलेत, आणि ते चढवणारेही."

मेकॅनिकचा चेहरा उतरला. मग त्याला सुचलं. "गाडीबरोबर पुस्तक आलंय ना? त्यात असेलच. ताई, तुम्हाला ती भाषा येते. वाचा की."

"छापलेलं असेल तर मी मानेन," बाबा म्हणाले. "आत्ता इथे, रस्त्यावर लग्न ठरवीन."

मोठीने पुस्तक काढलं आणि बॉनेटला टेकून वाचू लागली. पानं उलटली. एका पानावर परत आली. तिचं बोट ओळीखालून सरकत गेलं. धाकटीने तिचं कोपर घट्ट धरलं होतं.

"तापमानाचं आहे इथे," मोठी म्हणाली. "पण हे असं काही नाही. काटा तांबड्यात गेला तर दोष शोधून घ्या, एवढंच."

"पुन्हा बघा ना, ताई."

"बघितलं हो दोनदा. मला काय कमी वाईट वाटतंय?" ती बाबांकडे वळली. "बाबा, पुस्तकात नसलं म्हणून काय झालं? त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा."

"वा! गाडी बनवणाऱ्याला ठाऊक नाही, आणि पाना फिरवणाऱ्याला ठाऊक!"

मेकॅनिकने धाकटीकडे पाहिलं. तिने खाली मान घातली आणि हळूच विचारलं, "तू तर म्हणाला होतास, गाडीत काही दोष नाही म्हणून?"

मेकॅनिक गाडीचं दार ढकलून चालू लागला, मागे न बघता.

धाकटी दोन दिवस जेवली नाही. मोठीने तिला मांडीवर घेऊन भरवलं.

"ताई, माझ्यासाठी केवढी भांडलीस तू बाबांशी," धाकटी म्हणाली. "मला आता कुठेच जायचं नाही. त्या पत्राला हो कळव. मी आहे ना इथे."

निरीक्षकाने ज्याला लबाड म्हटलं, त्याच्याकडे गाडी कोण देणार? वर्षभरात गॅरेजला कुलूप लागलं. मेकॅनिक कुठल्याशा बस आगारात टायर बदलायच्या कामाला लागला आणि तिथेच, बिनलग्नाचा, वारला. बाबा अंथरुणावर एकोणीस वर्षं जगले. त्यांचं सगळं धाकटीने केलं. आता तिची पाठ वाकली आहे आणि घरात ती एकटीच असते. मोठीने बंदराच्या गावी बढत्या घेतल्या, छत्तिसाव्या वर्षी लग्न केलं, आता नातवंडांत रमली आहे. दर हिवाळ्यात धाकटी तिला स्वेटर विणून पाठवते.

पान एकशे चौदा, वरून तिसरी ओळ, 'इंजिन बंद केल्यावर काटा काही मिनिटे वर चढतो, हा दोष नव्हे', मोठीला अजून तोंडपाठ आहे, त्या भाषेत आणि आपल्याही.