डावा दिवा

एलईडी बल्ब बसवल्यापासून मास्तरांच्या गाडीचा डॅशबोर्ड सांगत होता, डावा दिवा गेलाय. दिवा तर लख्ख चालू.

"भावोजी, तो वीज इतकी कमी खातो, की गाडीला तो आहे असं वाटतच नाही," वायरमन मेहुणा म्हणाला. घरात मास्तरांचंही तसंच होतं, त्यामुळे त्यांना दिव्याबद्दल आपुलकी वाटली.

मेहुण्याने उजवा दिवा फडक्याने झाकला. मास्तर डाव्यासमोर उभे राहिले. समोरची भिंत पांढरीशुभ्र उजळली. तिच्यावर त्यांची सावली नव्हती.

"अहो, असे काय उभे?" म्हणत बायको शेजारी आली. तिची सावली पडली, अगदी अंबाड्यासकट.

मास्तरांनी घाबरत तिचा हात धरला. भिंतीवर सावलीची बोटं हळूहळू मिटली, मोकळ्या उजेडाभोवती, घट्ट.