पंधरवडा

वकीलबाईंच्या केबिनमध्ये सगळी वाटणी झाली. घर नवऱ्याला, गाडी बायकोला, आणि लेक एक पंधरवडा आईकडे, एक पंधरवडा बापाकडे. घोडं अडलं ते लेकीच्या नावावर. वर्षाची होत आली तरी ती आईची 'छकुली' आणि बापाची 'मनी'च होती. नाव आकाशातलं हवं, एवढ्यावर मात्र दोघांचं अजूनही एकमत होतं.

"तारका," तो म्हणाला.

"तुझ्या आत्याचं नाव? मुळीच नाही. उल्का ठेवू."

"ती पडते! काहीतरी अभद्र बोलू नकोस."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावून टाकलं.

"चंद्रकला?" ती जरा वेळाने म्हणाली.

"जुनाट आहे... पण गोड आहे. चालेल."

कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांकडे बघून हसले.

कोपऱ्यात नातीला खांद्यावर थोपटत बसलेली त्याची आई म्हणाली, "शोभेल हो नाव. चंद्रही एक पंधरवडा वाढतो, एक पंधरवडा झिजतो. आता झिजायचा पंधरवडा कोणाकडे, तेवढंही ठरवून टाका."