पाईप कुणाच्या हातचा?

“काका, हा पाईप कुणाच्या हातचा आहे, सांगाल का?”

हे विचारायची हिची टाप नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आता त्या दोघी दुकानाच्या काचेला नाकं लावून उभ्या होत्या आणि ही आत, शाळेच्या गणवेशात, ताठ मानेनं.

मालकानं चष्म्यावरून पाहिलं. तंबाखूच्या पाईपचं गावातलं सगळ्यात मोठं दुकान त्याचं, मागचा कारखानाही त्याचाच. याच काउंटरपाशी गेल्या वर्षी त्यानं तिच्या बाबांना, त्याच्याच कारखान्यातल्या जुन्या कारागिराला, चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं होतं, “हात थरथरायला लागला की कारागीर संपला. असला माणूस ना पाईप करू शकतो, ना कुणाला शिकवू शकतो.” तेव्हापासून बाबा घरी बसून होते. त्यांची हत्यारं उद्या भंगारवाला नेणार होता.

ही त्यांची मुलगी, हे मालकाला ठाऊक नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

मालकानं पाईप उजेडात धरला. लाकूड चांगलं काळपटलेलं, तोंडाशी दातांच्या खुणा.

“जुन्या बाजारात मिळाला?”

“अख्खा रविवार तिथे हिंडत होते,” ती म्हणाली. “पायांचे तुकडे पडले.”

दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली. मालकाला चेव आला. त्यानं दांडीतून बारीक तार सरकवली. तार तंबाखू भरायच्या वाटीच्या बरोबर तळाशी निघाली.

“बघा. केसाचाही फरक नाही. आधी भोक पाडायचं, मग बाहेरून आकार द्यायचा. ही पद्धत फक्त आमच्या कारखान्याची.”

“म्हणजे तुमचा एखादा कारागीर?”

“कारागीर?” तो हसला. “पोरी, हा माझा हात आहे. झोपेतून उठवलंस तरी ओळखीन.”

“पण खाली शिक्का नाही.”

“झिजला असेल. आण इकडे.”

त्यानं खणातून छाप काढला, दांडीवर ठेवला आणि हातोडीचा एक ठोका दिला. त्याचं नाव लाकडात ठसठशीत उमटलं. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. एकानं तर तिथल्या तिथे विकत मागितला.

“विकायचा नाही,” ती म्हणाली. मालकाचा पडलेला चेहरा बघायला तिचा जीव आसुसला होता. पण कच्चं फळ तोडण्यात काय मजा? तिनं गोड हसून आभार मानले.

घरी तिनं पाईप आईबाबांच्या मधोमध ठेवला.

धुरात मुद्दाम काळपटवलेल्या लाकडावरून, लेकीनंच उमटवलेल्या दातांच्या खुणांवरून बाबांनी शिक्क्यापर्यंत बोट फिरवलं. “स्वतःचाच म्हणाला?”

“झोपेतसुद्धा ओळखीन म्हणाला.”

बाबा खो खो हसत सुटले. वर्षभरात पहिल्यांदाच.

“खोटं काही बोलली नाहीस ना गं?” आईनं विचारलं.

“एक अक्षर नाही. बाजारात तर मी हिंडलेच होते, लाकडासाठी. मी नुसतं विचारलं. बाकीचं सगळं तोच बोलला.”

“आता काय करणार आहेस?”

“पुन्हा त्याच दुकानात जाणार. गर्दीच्या वेळी.” ती बाबांकडे वळली. “मी ठरवलंय, भंगारवाला आला की त्याला परत पाठवायचं. हत्यारं मला लागणार आहेत. तुम्ही शिकवलेला, माझ्या हातचा हा पहिलाच होता, दुसरा मी याहून चांगला करीन.”