कंबरेचं नातं

"ही रेघ कशाची गं?" साळुबाईंनी लॅपटॉपवर बोट टेकवलं.

सासूने कामात डोकं घातलं की सुनेच्या कपाळाला आठी पडते म्हणतात. स्नेहलच्या पडली नाही. सकाळपासून ती एकटीच आजारांची नावं जुळवत बसली होती आणि कुणाशी तरी बोलायला आसुसली होती. तिने सासूसाठी खुर्ची ओढली. साळुबाई नेहमीसारख्या उभ्याच राहिल्या, कंबरेवर हात ठेवून.

दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला साध्या माणसांचे शब्द कळावेत म्हणून पुण्याची एक कंपनी आजारांचा कोश करत होती. त्यातलं मराठीचं काम स्नेहल निरगुडसर गावातल्या घरी, या आतल्या खोलीत बसून करायची. तिने सासूला समजेल असं सांगितलं. माणसांसारखं शब्दांनाही गणगोत असतं. ताप हा थोरला, हिवताप त्याचा लेक. खोकला आणि धाप शेजारीपाजारी. ज्याचं ज्याच्याशी नातं, त्यांच्यात रेघ. कंपनीने नात्यांचे एवढेच प्रकार दिले होते.

"आन् ही तांबडी?"

तांबडी रेघ स्नेहलची स्वतःची होती. दिलेल्या नात्यांत भागेना, तेव्हा तिने कंपनीला विचारून हे एक नवं नातं तयार केलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं, 'लाजेपोटी म्हणतात'. शाळेतल्या पोरी बाईंना पोट दुखतंय म्हणून सांगतात आणि त्यांना पाळी आलेली असते. तर पोटदुखीपासून पाळीपर्यंत ही रेघ. म्हणजे कुणी तसं सांगत आलं, की कॉम्प्युटर डॉक्टरांना सुचवणार, दुसरंही काही आहे का ते विचारून घ्या.

साळुबाईंना हसू फुटलं. आमच्या वेळी कावळा शिवला म्हणायचे, असं त्यांनी सांगितलं. स्नेहलने लगेच कावळाही टाइप केला, आणि आजारांच्या कोशात कावळा येऊन बसलेला बघून एक पदर आणि एक ओढणी तोंडाला लावून दोघी हसत राहिल्या.

मग साळुबाईंनी दाराबाहेर पाहिलं. अंगणात त्यांचा लेक भरत गाडी धूत होता. उद्या आईला मंचरला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं त्याने ठरवलं होतं. बाम झाले, गोळ्या झाल्या, पट्टा झाला, तरी आईच्या कंबरेला उतार पडत नव्हता.

"कंबरंपासनं काढ की एक रेघ," त्या हळूच म्हणाल्या. "तांबडी."

स्नेहलचा हात थांबला. "कुठपर्यंत, आई?"

साळुबाई दाराकडे बघत राहिल्या. स्नेहलने पुन्हा विचारलं नाही. आवाज उतरवून, आपलंच काम तपासून बघावं तशी, ती बायकांच्या दुखण्यांची नावं वाचायला लागली. अंगावरून जाणं. साळुबाईंनी मान हलवली, नाही. पिशवीत गाठ. पुन्हा नाही. अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरणं.

या वेळी मान हलली नाही.

"तितं," त्या म्हणाल्या. "तितं लाव."

स्नेहलने रेघ लावली. कधीपासून, असं विचारल्यावर कळलं, भरतची धाकटी बहीण झाली तेव्हापासून. ती बहीण आता स्वतः लेकुरवाळी होती. एवढी वर्षं या बाईने हंडे वाहिले, साठवणीच्या बराखीत कांदे भरले, आणि कुणी विचारलंच तर कंबरेचं नाव सांगितलं. स्नेहलला भरून आलं. रागही आला, सासूचा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. रोज संध्याकाळी तीच तर पाठीला बाम चोळायची.

"मग बाम कशाला लावून घेत होतात?"

"बामानं काय व्हत नव्हतं," साळुबाई म्हणाल्या. "तुजा हात बरा वाटायचा."

स्नेहलने तोच हात त्यांच्या पाठीवर ठेवला. यावर इलाज असतो, वय झालं म्हणून सोसत बसायचं नसतं, असं ती त्यांना सांगत राहिली. साळुबाईंचं म्हणणं एकच, भरतला कळता कामा नये. लेकापाशी कसं बोलायचं हे? मेल्याहून मेल्यासारखं होईल.

तेवढ्यात भरतच हात पुसत दारात आला आणि उद्या न्याहारी झाली की निघू म्हणाला. स्नेहलने त्याला सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं नाही. आईंना ती स्वतः घेऊन जाणार होती, बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

भरतने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "दुखती कंबर, आन् डॉक्टरीणबाई कशाला?"

स्नेहलने सासूकडे पाहिलं. साळुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कंबरंचं आन् त्या बाईचं नातं हाय," त्या म्हणाल्या. "आत्ताच जुळवलंय तुज्या बायकूनं."