फंडात काय आहे

रस्त्यापलीकडे एका मोठ्या कंपनीचं तयार कपड्यांचं चकचकीत दुकान उघडलं आणि आमच्या ह्यांचं शिलाईचं दुकान बसलं. ते विकून आलेले पैसे ह्यांनी म्युच्युअल फंडात ठेवले. आम्हा दोघांच्या म्हातारपणाची तेवढीच सोय. त्या समोरच्यांचा विषय निघाला, की हे अजून म्हणायचे, "वाटोळं होईल त्यांचं!"

काल लेक मोबाइलवर बघून समजावत होती. "बाबा, फंड म्हणजे तिजोरी नव्हे. तुमच्या पैशांतून ते कंपन्यांचे शेअर घेतात. सगळ्यात जास्त कुणाचे घेतलेत, ओळखा! तुमच्या त्या समोरच्या दुकानवाल्यांचे."

ह्यांनी चष्मा लावून तिच्या हातातला मोबाइल घेतला.



मग हळूच म्हणाले, "नीट चाललंय ना गं त्यांचं?"