डोळ्यांची तपासणी

रंगीत ठिपक्यांच्या पानावर निरोगी डोळ्याला चौऱ्याहत्तर हा आकडा दिसतो, लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्याला एकवीस. माझा भाचा, त्याचं नाव खुशाल, “एकवीस” म्हणाला. हवाई छात्र पथकात आम्ही तिघे शिक्षक रविवारी विनावेतन यायचो. डोळ्यांची तपासणी माझ्याकडे होती. प्रयोगवहीत अर्ध्या मिलिमीटरसाठी गुण कापणाऱ्या मी नावापुढे चौऱ्याहत्तर लिहून सही केली, कारण दादाने भातकुली गावभर पोराच्या निवडीचे पेढे आधीच वाटले होते. दोन वर्षं गप्प राहिले. आज अकोल्याच्या धावपट्टीवर तो ग्लायडरमध्ये प्रथमच एकटा बसला. उतरावं की नाही, हे त्याला खालच्या लाल-हिरव्या दिव्यावरून ओळखायचं होतं. मी त्याचा पट्टा आवळत होते. “आत्या, उडनार मी, अन् पट्टा तू तिसऱ्यांदा आवळून राह्यली!” पथकप्रमुख देवरावजींनी उड्डाणाचं निशाण उचललं. “थांबा,” मी म्हणाले. “खुशालला उतरवा. त्याला लाल-हिरवा कळत नाही. मी मुद्दाम खोटं लिहिलं.”