पाठीशी

क्लबच्या संघात एकच जागा उरली होती आणि उमेदवार दोघं, ती आणि तिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायची. बोटाला चिमटा लावलेला, आणि छातीच्या प्रत्येक ठोक्याला मशीन टिक् करणार. ठोके ज्याचे वाढणार नाहीत, तो संघात.

भाऊ खेळला तेव्हा निवड करणारे सर खिडकीशी चहा पीत होते; त्याची टिकटिक संथच राहिली. ती खुर्चीत बसली तसा कप ठेवून ते थेट तिच्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"घाबरायचं नाही हं, बाळा. वळण आलं, वळण! अगं, ब्रेक दाब ना! बरं, राहू दे, राहू दे."

टिकटिक वाढत गेली.

"बघ," सर हळहळले, "मुलींना ताण झेपतच नाही. मशीन काय खोटं बोलतं?"

"घरी ही मला रोज धूळ चारते, सर," भाऊ पुटपुटला.

"घरी रे!"

तिने बोटाचा चिमटा काढून सरांपुढे धरला. "एकदा तुम्ही खेळून दाखवा ना, सर. म्हणजे मला कळेल तरी."

सर खुशीत बसले, चिमटा लावून घेतला. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून. पहिल्या वळणाला टिकटिक वाढली. दुसऱ्या वळणाला गाडी भिंतीवर.

"काय गं, अशी मानगुटीवर बसल्यासारखी उभी आहेस!" सर डाफरले.

"मी तर अजून तोंडसुद्धा उघडलं नाही, सर."